मागची रांग पुसट का आली

"अगं बया! ही पेटी माणसाला उलटं टांगती गं!"

ही आरोळी मी इंदापूरच्या बाजारात ऐकली, त्याला किती उन्हाळे लोटले कुणास ठाऊक. फुलाबाई नावाची एक भाजीवाली होती. नवऱ्याला माझ्यापुढच्या स्टुलावर बसवून तिने माझ्या पाठीमागच्या काळ्या कापडात हळूच डोके घातले, आणि लगेच किंचाळत बाहेर आली. आतल्या दुधी काचेवर तिला आपला धनी दिसला होता. पाय आभाळात आणि फेटा खाली! तिने त्याला दंडाला धरून ओढत नेले. वळणावर गेल्यावर तिने एकदा मागे पाहिले. माझ्याकडे.

ती नजर संशयाची होती. पुढे तशा नजरा मी इतक्या पाहिल्या की सरळ मनाने कुणी पाहिले तर मलाच चुकचुकल्यासारखे व्हायचे.

मित्रांनो, मी एक जुना कॅमेरा आहे. सागवानी लाकडाची माझी पेटी, तिला पितळी कोपरे. मधे लोहाराच्या भात्यासारखा घडीघडीचा कातडी भाता. बसायला तीन पायांची घोडी. पुण्याच्या एका सुताराने माझे लाकूड तासले, पण माझा डोळा मात्र सातासमुद्रांपलीकडून आला. भिंगाचा तो एकुलता एक डोळा घेऊन मी इंदापूरला सावळारामांच्या दुकानी उतरलो. सोलापूरकडे जाणाऱ्या हमरस्त्याला त्यांचे दुकान होते. कचेरीच्या कामाला आलेली माणसे उन्हातून सावलीला यायची आणि माझ्यासमोर बसायची.

बसायची, पण धास्तावून. एका गृहस्थांनी तर तयार फोटो परत आणला. "माझा दुसरा कान कुठं गेला?" म्हणाले. मान जराशी वळवून बसले होते, म्हणून एकच कान आला होता. सावळारामांनी नाना परींनी समजावले. गृहस्थ हलेनात. "घरनं दोन कान घेऊन आलो हुतो. फोटूत एक दिसतुया, म्हंजी एक तुमच्यापाशी ऱ्हायला."

हसू नका, मित्रांनो. त्या माणसांचा हिशेब सरळ होता. फोटोत जे दिसत नाही, ते कुणीतरी काढून घेतले.

पुढे सावळाराम थकले आणि त्यांनी मला आपल्या भाच्याच्या, कुंडलिकच्या हवाली केले. त्याचे दुकान बारामतीला. एस.टी.च्या टपावर पोत्यांच्या शेजारी बसून मी बारामतीला आलो. नीरेच्या कालव्याचे पाणी त्या मुलखात कधीचे फिरले होते. रस्त्याच्या दोन्ही अंगांना ऊस उभा होता, गुऱ्हाळाचा गोड धूर येत होता, आणि जो तो नव्याने निघणार असलेल्या सहकारी साखर कारखान्याचे बोलत होता. कुणाच्या घरातला कोण सभासद होणार, कुणाचे नाव आत आणि कुणाचे बाहेर, याच्यावर पारापारांवर काथ्याकूट चाले.

आता माझ्या डोळ्याची एक गंमत सांगतो. ती कळली नाही तर पुढचे कळायचे नाही.

माझ्या भिंगाच्या आत पातळ पोलादी पाकळ्या आहेत. पितळी कडे फिरवले की त्या मिटतात किंवा उघडतात. डोळा सताड उघडला की उजेड लोंढ्याने आत येतो. डोळ्याचे पाते लवते न लवते तोच फोटो निघतो. पण सताड उघड्या डोळ्याला एकच अंतर नीट दिसते. ज्याच्यावर रोखला, तो माणूस लख्ख. त्याच्या पुढचे-मागचे सारे धुक्यात.

आणि डोळा बारीक केला, तुम्ही लांबचे बघताना किलकिले डोळे करता तसा, की जवळचे जोंधळ्याचे कणीस आणि पार शेवटच्या बांधावरची बाभळ, दोन्ही सारखीच रेखीव येतात. मात्र त्या सुईच्या नेढ्यातून उजेड थेंबथेंब ठिबकतो. त्याला वेळ लागतो. तेवढा वेळ समोरच्याने दगडासारखे बसायचे. जे हलेल, त्याचा फोटोत फराटा उठतो.

म्हणजे एकाला लख्ख बघायचे, की सगळ्यांना बघायचे? दर वेळी हे ठरवावे लागते. मला नाही ठरवता येत. कडे फिरवणारा हात ठरवतो.

एके दिवशी भर दुपारी कऱ्हाटीचे सर्जेराव दुकानात आले. भारदस्त माणूस. डोईला रुमाल, पायांत करकरती वहाण. सबंध घराचे कारभारी तेच. त्यांनी आधी रस्त्यावर डावी-उजवीकडे पाहिले, मग दार लोटून घेतले. मला वाटले, याच्या मनात काही काळेबेरे आहे.

"फोटू काढायचाय," ते म्हणाले. "समद्या घराचा. म्हातारी हाय तवर."

"काढू की," कुंडलिक म्हणाला.

"एक इच्यारतो. फोटू काढताना हात हलला, तर काय हुतं?"

"पुसला जातो. धुरासारखा दिसतो."

 सर्जेरावांनी उपरण्याखालून उजवा हात बाहेर काढला आणि मांडीवर ठेवला. वारा नसताना पिंपळाचे पान हलावे तसा तो हात हलत होता. त्यांनी डाव्या हाताने तो दाबून धरला. तरी आतल्या आत हलतच राहिला.

"तुम्ही उपरण्याखालीच ठेवा की हात," कुंडलिक हळूच म्हणाला.

"खुळं का काय! कारभाऱ्याचा हात फोटूत दिसला न्हाय, तर लोक काय म्हनत्याल? बोटं झडली म्हनत्याल. न्हाय, हात काठीवर पायजे. आन् हलताना दिसाय नको."

कुंडलिकने मान खाजवली. "मग एकच उपाय. डोळा पुरता उघडायचा आणि पटकन काढायचा. पण मग मागं उभी राहतील ती माणसं पुसट येतील."

"मागं कोन ऱ्हानार?"

"ते तुमच्या घरचं तुम्हाला ठाऊक."

सर्जेरावांनी हात पुन्हा उपरण्याखाली घेतला. बराच वेळ ते माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "चालंल. आन् ह्यातलं कुणापाशी बोलायचं न्हाय. माझ्या सख्ख्या भावापाशी सुदीक न्हाय. हात हालतुया म्हनल्यावर कारभाऱ्याचं कोन ऐकतंय?"

कुंडलिकने शब्द दिला.

कऱ्हाटीला फोटोच्या दिवशी अंगण शेणाने सारवलेले, ओसरीची फरशी धुतलेली, दाराला आंब्याचा टाळा. पुढे दोन खुर्च्या मांडल्या. एकीवर सर्जेराव, दुसरीवर त्यांची आई धोंडाबाई. पायांशी सतरंजीवर पोरेबाळे. सर्जेरावांची बायको जयवंता सासूच्या खुर्चीला लागून खाली बसली.

"तुम्ही पण पुढं या," कुंडलिकने धाकट्या भावाला, दत्तोबाला म्हटले. बिचाऱ्या कुंडलिकने जमेल तेवढा प्रयत्न केला. "खुर्ची आणू का? दादांच्या शेजारी बसा."

दत्तोबाने जीभ चावली. "थोरल्याच्या खुर्चीला खुर्ची लावू व्हय? आमी हितंच बरं." आणि तो पार मागे, ओसरीच्या खांबाशी जाऊन उभा राहिला. त्याची बायको शकुबाई तर त्याच्याही मागे. थोरल्या दिराच्या बरोबरीने भावजय कशी उभी राहणार? डोईवरचा पदर नाकापर्यंत ओढून ती अंग चोरून उभी राहिली.

मान राखायला दोघे मागे गेली आणि नेमकी तिथेच माझी नजर पोचत नव्हती. मी सारे उलटे पाहत होतो. सर्जेरावांची मिशी केसन् केस दिसत होती. दत्तोबा मात्र ताकात पडलेल्या सावलीसारखा. मला ओरडून सांगावेसे वाटले, पण कॅमेऱ्याला तोंड कुठे असते?

कुंडलिकने रबरी फुगा दाबला. खट्. झाले.

काही दिवसांनी आम्ही फोटो घेऊन पुन्हा कऱ्हाटीला गेलो. दुसऱ्या दिवशी पुढच्या गावी लग्नाचे काम होते, म्हणून मीही गाडीत होतो. मुक्काम सर्जेरावांकडेच. दिवस मावळायला फोटो हातोहात फिरू लागला. सर्जेरावांचा हात काठीच्या मुठीवर कसा राजासारखा ठेवलेला! जयवंताने पाहिले आणि तिचे डोळे भरून आले. का ते तिलाच ठाऊक.

फोटो दत्तोबाकडे आला. त्याने तो डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, बोटाने पुसून पाहिला.

"ह्यो मी?"

त्याचे बोट शेजारी सरकले.

"आन् ही शकू? हिला तर त्वांडच न्हाय."

"उजेड कमी पडला मागं," कुंडलिक पुटपुटला. ते खोटे होते आणि ते त्याच्या कानशिलांवर दिसत होते.

"उजेड कमी? खांबावर ऊन हुतं की!"

सर्जेराव उठून आत गेले. त्यांचे तसे निघून जाणेच साऱ्या घराला खटकले. मी ओसरीच्या कोपऱ्यात घोडीवर उभा होतो. संशय कसा वाढतो ते मी त्या संध्याकाळी पाहिले. हरळीसारखा. वर पान दिसते एक आणि खाली मुळ्या साऱ्या रानात. शकुबाई नवऱ्याच्या कानाशी बोलत होती, आणि एकेक जुनी गोष्ट नव्याने उगवत होती. थोरले भावजी हल्ली आत एकटेच का जेवतात? जाऊबाई दार का लोटून घेतात? ताटात असे काय असते जे धाकट्यांनी बघू नये? कारखान्याच्या कागदावर सही करायची होती, तेव्हा भावजी दत्तोबाला मळ्यात धाडून मगच का बसले?

"ज्याचं त्वांड फोटूत न्हाय, त्याचं नाव उसात न्हाय," ती म्हणाली. "ह्यो फोटू कारखान्यात लागनार बगा. सायेब बोट ठिवून मोजनार. पुढं दिसत्यात ती घरातली. मागची कोन? म्हनत्याल, असत्याल गडी-मानसं!"

मला कानवाल्या गृहस्थांची आठवण झाली. पण इथे कानाची गोष्ट नव्हती. इथे सख्खा भाऊ हरवला होता.

पहाटे जाते घरघरू लागले. थोरल्या दिराला तोंडावर बोलायची सोय नाही, पण जात्यावर बसलेल्या बाईला कोण अडवणार? दळताना म्हटलेले देवाच्या कानी जाते म्हणतात. त्या दिवशी ते साऱ्या घराच्या कानी गेले.

एका डोळ्याची गं पेटी, आली कऱ्हाटी गावाला
थोरल्याला वळखिती, इसरली माझ्या रावाला

जाते थांबले. मूठभर दाणे पडल्याचा आवाज आला. पुन्हा फिरले.

एका आईची दोन बाळं, एका वाफ्याचा गं ऊस
थोरल्याच्या वाट्या रस, धाकल्याच्या वाट्या भूस

आतल्या खोलीत सर्जेरावांनी कूस बदलल्याचे मी ऐकले. एकदा, दोनदा. पुन्हा पुन्हा.

मित्रांनो, आता मी माळ्यावर असतो. माझ्या भात्याला उंदरांनी भोके पाडली आहेत, पितळ हिरवे पडले आहे. कधी कुणी मला खाली उतरवले, तर मऊ कापडाने माझे भिंग पुसा आणि कडे हळूच फिरवून पाहा. पाकळ्या अजून मिटतात. कुणी पुसट दिसले तर ते खोटे आहे, परके आहे, असे मनात धरू नका. डोळा कुणी उघडला आणि कशासाठी उघडला, ते आधी विचारा. जवळ जाऊन विचारा. कऱ्हाटीच्या त्या घरात सारे एका छपराखाली होते, पण विचारले कुणी नाही.

उजाडल्यावर दत्तोबा थेट माझ्याकडे आला. त्याने माझ्या घोडीचा पाय धरला आणि मला खांद्यापर्यंत उचलले.

"फोटूवालं! थोरल्यानं काय दिलं तुमाला, आमाला पुसायचं?"

"दत्तोबा, खाली ठेवा. भिंग फुटेल," कुंडलिक काकुळतीला आला.

"फुटू दी! एकाच डोळ्यानं घर फोडलंय, त्यो डोळा ऱ्हायलाच कशाला? बोला, कुणी सांगितलं?"

कुंडलिकने दाराकडे पाहिले. दारात सर्जेराव उभे होते, हात उपरण्याखाली. कुंडलिकने मान खाली घातली. दिलेला शब्द त्याला मोडवेना.

"अरं, काय चाललंय सकाळच्या पारी?" धोंडाबाई भिंतीला धरत बाहेर आल्या. त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरले होते. "फोटूत पुसाट दिसलास म्हनून रडतुयास व्हय रं? मला तर समदीच पुसाट दिसत्यात. म्हनून काय मी कुनाला जेवाय वाढायची ऱ्हायले?"

ओसरीवर कुणीतरी फिस्सकन हसले. दत्तोबाला ते हसणे जास्तच झोंबले.

"आये, तू गप. तुला काय म्हाईत? दादा माझ्यासंगं पंगतीला बसत न्हाय. मोटंवर हात लावीत न्हाय. आन् माझं पोरगं... वरीस हुत आलं त्याला. एकदा सुदीक मांडीवर घेतलं न्हाय! परक्याचं पोर असतं तरी घेतलं असतं."

बोलता बोलता त्याचा आवाज फाटला. मला त्याने खाली ठेवले. आपटले नाही, ठेवले.

सर्जेराव उंबरा ओलांडून आले आणि खुर्चीवर बसले. "कुंडलिकराव, फोटू परत काढा. डोळा बारीक करा. समदी दिसू द्यात."

"पण सर्जेराव..."

"करा म्हनतो न्हवं."

पुन्हा तशीच रांग लागली. म्हातारी, जयवंता, पोरे. मागे खांबाशी दत्तोबा आणि पदराआडून शकुबाई, तान्हे तिच्या खांद्यावर झोपलेले. कुंडलिकने पितळी कडे फिरवले. माझ्या पाकळ्या मिटत मिटत आल्या आणि आतल्या काचेवर ते सारे घर उलटे, पण रेखीव उमटले. धोंडाबाईंच्या सुरकुत्या, शकुबाईच्या नथीचा मोती, दत्तोबाच्या ओल्या पापण्या. मागच्या भिंतीवर वाळत घातलेल्या कणसांचे दाणेसुद्धा. इतके एकत्र मी ते घर पहिल्यांदाच पाहत होतो.

"श्वास धरा. कुणी हलायचं नाही," कुंडलिक म्हणाला, आणि त्याने फुगा दाबून धरला.

सारी ओसरी दगडाची झाली. पाखरू बोलेना. आणि त्या शांततेत तो आवाज आला. टक. टक टक. टक टक टक. सर्जेरावांच्या हातातली काठी खालच्या फरशीवर वाजत होती. ते ती दाबून धरत होते आणि ती अधिकच वाजत होती. हलायचे नाही म्हणून कुणी वळून पाहिले नाही. ऐकले मात्र सगळ्यांनी.

कुंडलिकने फुगा सोडला. तरी कुणी हलले नाही.

मग दत्तोबा खांबापासून पुढे आला, रांग मोडून. खुर्चीसमोर उकिडवा बसला. काठीकडे पाहत राहिला, मग काठीवरच्या हाताकडे.

"दादा," तो म्हणाला, "ही काठी..."

"काठी न्हवं रं, हात हाय त्यो," सर्जेराव म्हणाले. त्यांनी काठी बाजूला ठेवली आणि हात त्याच्यापुढे धरला. "माझं मला ऐकत न्हाय. भाकरीचा घास तोंडापातूर जाईस्तवर आमटी सांडती, म्हनून आत जेवतो. सही तुझ्याम्होरं वाकडी यील, म्हनून तुला मळ्यात धाडलं. तुझं नाव माझ्या शेजारीच हाय कारखान्यात, जाऊन बग. आन् फोटूवाल्याची चूक न्हाय. मागची रांग गेली तर जाऊ दी, माझा हात नीट दिसू दी, आसं म्याच बोललो हुतो त्याला."

 मागे शकुबाईच्या खांद्यावर पोर जागे होऊन कुरकुरले. सर्जेरावांनी तिकडे पाहिले.

"आन् पोराला घेत न्हाय म्हनलास न्हवं? हातातनं निसटंल म्हनून घेत न्हाय, दत्तू. घ्यावं तर लई वाटतं रं."